कातळावर भ्रामरी

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या मेव्हण्यानं चहा नाकातून बाहेर काढला होता. मला स्वतःला ह्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, पण लोक माझ्या माघारी हे सांगतात तेव्हा पदरचं बरंच घालतात. त्यापेक्षा माझी अब्रू मीच काढलेली बरी.

तर वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला कडे चढायची हौस आली. तळेगावात एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी नोकरी करतो. आठवडाभर उभं राहून पाय गेलेले असतात. रविवारी शहाणी माणसं झोपतात. मी मात्र पहाटे उठून मळवलीला उतरायचो आणि भातखाचरं तुडवत एका कातळभिंतीशी जाऊन तिला लोंबकळायचो. का, असं बायको विचारते. उत्तर सापडलं की तिला आधी सांगणार आहे.

खरं तर उत्तर आहे, फक्त ते बोलायची लाज वाटते. मला नागफणी चढायची होती. खंडाळ्याच्या घाटातून जाताना फणा काढून बसलेला तो कडा लहानपणापासून बघत आलोय. आयुष्यात बाकी फार काही मागितलं नाही. एकदा दोर लावून त्याच्यावर समोरून चढावं, एवढंच होतं.

आमच्या ग्रुपचा म्होरक्या संदेश. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, त्यामुळे मला काका म्हणतो. त्याचं दर वेळी मला वाईट वाटतं. कोण नागफणीला येणार आणि कोण नाही, हे तोच ठरवतो. मळवलीच्या भिंतीला मधोमध पोट सुटलंय, माझ्यासारखंच. ते पोट ओलांडायला पाय कमरेइतका वर घ्यावा लागतो. माझा पाय गुडघ्याच्या वर यायला तयार नव्हता. शिवाय तिथं पोचलो की मी घाबरून कातळाला मिठी मारायचो. खालून दोर संदेशच्या हातात, वर दोर पक्का बांधलेला, पडलो तरी काही होणार नाही, हे सगळं मला पाठ होतं. पण हातांना ते कोण सांगणार?

"काका, तुम्ही योग करा," शेवटी संदेश म्हणाला. "अंग पण मोकळं होईल आणि डोकं पण. थंडीत बघू. पोट ओलांडलंत तर नागफणी नक्की."

म्हणून मी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये योगाला जायला लागलो. वर्गात मी एकटा पुरुष, बाकी सगळ्या निवृत्त शिक्षिका. त्यांची डोकी गुडघ्याला टेकायची, माझं डोकं नुसतंच गुडघ्याकडे बघायचं. पण शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी मला भ्रामरी शिकवली. भ्रामरी म्हणजे डोळे मिटायचे, कान बंद करायचे आणि श्वास सोडताना तोंड न उघडता भुंग्यासारखं गुणगुणायचं. भीती म्हणे पळून जाते.

"कुठेही करा," बाई म्हणाल्या. "ऑफिसात, बसमध्ये. लोक काय म्हणतील ते मनात आणू नका."

इथंच घोळ झाला. बाईंनी बस सांगितली होती, कडा सांगितला नव्हता. मी आपला 'कुठेही' धरून बसलो.

थंडी आली. परीक्षेचा रविवार उजाडला. खाली दोर धरून संदेश, शेजारी ग्रुपमधल्या दोन कॉलेजच्या मुली आणि थोडं लांब म्हशी सोडून बसलेले आबा. आबा तिथल्याच वाडीचे. दर रविवारी घोंगडी पांघरून आमचं चढणं बघायला येतात आणि सल्ले देतात. स्वतः आयुष्यात कधी त्या भिंतीला हात लावलेला नाही.

मी पोटापर्यंत पोचलो. म्हटलं, आता घाबरायचं नाही, आता आपल्याकडे विद्या आहे. पोटाखाली एक आडवी कपार आहे, तिच्यात तोंड घातलं. थंडीमुळे हेल्मेटखाली कानटोपी होती, त्यामुळे कान झाकलेलेच होते. डोळे मिटले आणि सुरू केलं. म्ऽऽऽऽऽ.

आता दुसरी बाजू ऐका. ही मला नंतर कळली. मावळातल्या माणसाला कड्यावर वाघ परवडेल, पण आग्या मोहोळ नको. त्या मधमाश्या एकदा उठल्या की माणूस आडवा होईपर्यंत सोडत नाहीत. कड्यावरून गुणगुण ऐकू आली की काय करायचं हे इथं लहान पोरालाही माहीत असतं. जागच्या जागी आडवं व्हायचं, अंग झाकायचं आणि अजिबात आवाज करायचा नाही.

त्या कपारीत माझ्या भ्रामरीला असा काही घुमारा आला की आबा ताडकन उठले.

"मव्हाळ उठलं," ते म्हणाले. "आडवं व्हा. हालू नगा कुणी."

"कुठंय आबा? दिसत नाही," संदेश म्हणाला.

"आवाज येतुया न्हवं? आग्याच हाय. जलम गेला माजा हितं, मला वळकंना व्हय?"

मुली खाचरातल्या पेंढ्यात शिरल्या. आबा घोंगडीखाली गेले आणि तिथून त्यांनी वाडीत फोन लावला. वाडीतल्यांनी जवळच्या लेण्यांकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या वाटेतूनच माघारी पाठवल्या. कुणीतरी तत्परतेनं ट्रेकिंगच्या ग्रुपवर टाकलं की मळवलीच्या बाजूला मोहोळ उठलंय, कुणी येऊ नका. संदेशला दोर सोडून पळता येईना. त्यानं पाठीवरची सॅक डोक्यावर पालथी घातली आणि तसाच उभा राहिला. चांगला मुलगा आहे, माझ्यामुळे त्याचं नाव खराब व्हायला नको.

मला ह्यातलं काही माहीत नाही. मला आपलं फार शांत वाटत होतं. डोळे उघडून खाली बघतो तर माणसं गायब, आणि जिथं संदेश होता तिथं हातपाय फुटलेली एक सॅक.

"काय झालं रे?"

सॅक जरा वर करून त्यानं तोंडावर बोट ठेवलं. मग ते हवेत गरगर फिरवलं आणि स्वतःच्या दंडाला टोचलं. मग कळलं. मोहोळ. मी कातळाला अशी मिठी मारली की लग्नाच्या बायकोनं बघितली असती तर तिला राग आला असता.

संदेशनं खूण केली की दोरावर बस, खाली घेतो. मला हात सोडवेना. मग त्यानं छातीवर हात ठेवून खूण केली, शांत हो, श्वास घे. मी म्हटलं बरोबर, ह्यालाही भ्रामरी माहीत आहे. पुन्हा तोंड कपारीत घातलं आणि जीव तोडून सुरू झालो. ह्या वेळी कान टवकारलेले होते, त्यामुळे मलाही ऐकू आलं. कपारीच्या आत, माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर मधमाश्या घोंघावत होत्या.

मी दचकून थांबलो. त्याही थांबल्या. जरा वेळानं मी हळूच भ्रामरीचा श्वास सोडला, तर त्याही हळूच सुरू झाल्या. म्हटलं, ह्या साध्यासुध्या नाहीत. ह्या दबा धरून बसल्यात, माझी हालचाल बघतायत.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. मुली सांगतात की माझा पाय कमरेइतका नाही, खांद्याइतका वर गेला. पोट कधी ओलांडलं ते मला कळलं नाही. संदेश सॅकखालून दोर ओढता ओढता दमला, एवढ्या वेगानं मी वर गेलो. माथ्यावर पोचलो, गवतात पडलो, मागं वळून बघितलं. एकही माशी आली नव्हती. डोळ्यात पाणी आलं माझ्या. जीव वाचला होता, वर पोट ओलांडलं होतं आणि नागफणी नक्की होती. बाईंची आठवण झाली. मांडी घातली, डोळे मिटले आणि देवाचे आभार मानायला म्हणून सावकाश भ्रामरी सुरू केली.

मागच्या वाटेनं सॅक डोक्यावर घेऊन संदेश मला शोधत वर आला होता. तो आवाजापाशी येऊन थबकला. मग सॅक काढली.

"काका," तो म्हणाला. "हे तुम्ही करताय?"

"हो. भ्रामरी. का?"

तो खाली बसला आणि हायवेवरच्या गाड्या बघत राहिला. तेव्हा कुठं सगळं माझ्या डोक्यात उतरलं. माणसानं एवढं लाजावं आणि अंगावर पांघरायला घोंगडीही नसावी.

खाली आलो तर वाडीतली चार माणसं जमली होती. आबा सगळ्यात जास्त चिडले होते, कारण त्यांचा जन्म त्या आवाजात गेला होता आणि आवाज निघाला स्टोअरवाल्याचा. तरी संदेश माझ्या बाजूनं बोलला. "काही असो, काका चढले की नाही? काका, आता भीती गेलीय. एकदा निवांत चढून दाखवा, नागफणीला तुमची जागा पक्की."

मी दोर बांधला. खरंच भीती नव्हती. श्वास शांत होता, मन स्वच्छ होतं, योगात सांगतात तसं अगदी. पोटापाशी गेलो आणि पाय उचलला. तो गुडघ्यापर्यंत आला आणि तिथंच राहिला. पुन्हा उचलला. खाली कुणी हसलं नाही, त्याचंच जास्त लागलं. शेवटी हात सुटले आणि संदेशनं मला हळूहळू खाली घेतलं.

मी जमिनीला टेकलो. मग आबांनी घोंगडी झटकली आणि संदेशच्या खांद्यावर हात ठेवला.

"न्या की ह्यास्नी नागफणीला, लय हौस हाय बिचाऱ्याला," ते म्हणाले. "फकस्त मागनं एक मव्हाळ सोडा."

सगळे हसले. मीही हसलो, करणार काय? एकटा संदेश तेवढा हसला नाही. तो दोर गुंडाळता गुंडाळता थांबला होता आणि हे कसं जमवता येईल ह्याचा मनापासून विचार करत होता.