धर्माचा वाघ

बाबा गेले त्याच हिवाळ्यात आमच्या घरी वाघ आला, तोही घडी करून, रिबीन बांधून.

आमचं गाव कारंज्याच्या पलीकडे, जंगलाला टेकून. मुंबईची एक कंपनी मोठ्या लोकांसाठी महागडी पांघरुणं बनवायची, त्यांवर जंगलातली जनावरं. एक विकलं की एक जंगलाकाठच्या घराला फुकट, असा त्यांचा धर्म. शाळेच्या मैदानात मंडप टाकून वाटप झालं. प्रत्येक घडीत एक कार्ड, त्यावर छापलेलं: जंगल हीच आमची प्रेरणा. कोणाला हरिण मिळालं, कोणाला मोर. शेजारच्या काकूच्या वाट्याला वानरं आली. "माह्या घरी का कमी होते, म्हणून हे अजून धाडले?" ती म्हणाली, आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मग मायचं नाव पुकारलं. कंपनीच्या बाईंनी पांघरूण तिच्या हातांवर ठेवलं. त्यावर वाघ होता, जबडा उघडलेला.

हसणं थांबलं. बाबांना वाघानं नेलं त्याला दोन महिनेही झाले नव्हते. कोणीतरी बाईंच्या कानाशी लागलं. त्यांचा चेहरा उतरला, बदलून देते म्हणाल्या. "असू द्या," माय म्हणाली. धर्माची गाय अन् दात का गं नाय, अशी म्हण आहे. आमच्या धर्माच्या वाघाला मात्र दात होते, रेशमी धाग्यानं एकेक भरलेले. मला त्या बाईंचा राग आला नाही असं मी म्हणणार नाही. जाम आला. त्या मऊपणाचाही आला, कारण तितकं मऊ आमच्या घरात काहीच नव्हतं. मायनं ते पेटीत टाकलं.

बाबा गेले त्या दिवसाचं एक मी कोणाला सांगितलं नव्हतं. आमचं घर वावरातच. बाबा बकऱ्या घेऊन नाल्याकडे गेलते, मी मागच्या अंगणात फोनवर मैत्रिणीशी बोलत होते. नाल्याकाठच्या मोहाच्या झाडावर वानरं ओरडायला लागली. खाक्. खाक्. थांबून थांबून. वाघ दिसला की वानर असं ओरडते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मैत्रिणीचं बोलणं ऐकू येईना, म्हणून मी दुसऱ्या कानात बोट घातलं.

बाबा गेल्यापासून माय बदलली होती. भाकर तव्यावर टाकायची आणि उठून दारात जाऊन उभी राहायची. भाकर करपायची. मी खेकसायची, "काऊन गं माय, ध्यान कुठं हाय तुहं?" ती करपलेली भाकर स्वतःच्या ताटात घ्यायची.

हरभऱ्याला घाटे धरले तशी वानरं वावरात उतरली. ओरडून ओरडून आमचे गळे बसले. एका सकाळी मायनं पेटीतून वाघ काढला आणि दोन बांबूंना ताणून बांधावर उभा केला. "फुकटचा झोपून राह्यला पेटीत. करू दे काम," म्हणाली. वानरं आली, त्यांना वाघ दिसला आणि मोहावरून तोच आवाज सुरू झाला. हरभरा वाचला. गावातली माणसं येऊन पाहून, हसून गेली. मी चुलीपाशी बसले होते आणि माझं बोट आपोआप कानात गेलं होतं.

मग रोज सकाळी तेच. रोज बाबा नाल्याकडे जायचे आणि रोज मी फोन सोडायची नाही. भूतबित मी मानत नाही. पण ठरल्या वेळी येऊन जे माणसाला घाम फोडते, त्याला दुसरं काय म्हणावं? मायला सांगून टाकावं असं सारखं वाटे. सांगितलं आणि तिनं माझं तोंड पाहणं सोडलं तर? घरात आम्ही दोघीच तर उरलो होतो.

वानर काही मूर्ख नसते. पंधरा-वीस दिवसांत त्यांना कळलं, हा वाघ जागचा हलत नाही. एक हुप्प्या तर त्याच्या डोक्यावर बसून अंग खाजवू लागला. आवाज बंद झाला. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. मायनं पांघरूण उतरवून धुतलं, अंगणातल्या दोरीवर टाकलं आणि विळा घेऊन हरभरा सोंगायला गेली.

मी भांडी घासत होते. मोहावरून आवाज आला. खाक्. राखेनं भरलेलं बोट कानाकडे निघालं. तेवढ्यात नजर दोरीवर गेली. वाघ माझ्यासमोर लोंबत होता, त्याच्यातून पाणी गळत होतं. मग वानरं कोणाला पाहून राह्यली?

मी अनवाणी धावले, "माय, घरी ये" एवढंच ओरडत. ती अर्ध्या बांधावर होती. नाल्याकडे तोंड, विळा पुढे धरलेला, एकेक पाऊल मागे घेत येत होती. मी तिला पाठीमागून धरलं आणि तशाच आम्ही दारापर्यंत आलो. आम्हाला काही दिसलं नाही. दुपारी वनरक्षक आला आणि नाल्याच्या चिखलातले पंजे दाखवून गेला.

तो गेल्यावर दार लावून मी मायला सांगितलं. वानरं, फोन, बोट, सगळं. सांगताना तिच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही. 

"मले बी आयकू आलता थो आवाज," ती म्हणाली. "तव्यावर भाकर होती. म्हटलं, एवढी भाजून घेतो अन् मंग हाक मारतो."

माय अजूनही भाकर टाकून दारात जाते. मी आता खेकसत नाही. करपलेली भाकर मी माझ्या ताटात घेते.