म्हातारीला वाट दाखवली नाही

आमच्या धायरीच्या घरात जनावरांना नाव द्यायची पद्धत नव्हती. नावं ठेवायला मात्र आई समर्थ होती. कुत्रा रंगावरून तांबडा, बोका म्हणजे मेला, अंडी द्यायची बंद झालेली कोंबडी पेन्शनर आणि मांजर म्हातारी. म्हातारी घरात आली तेव्हा मुठीएवढी होती, पण बसायची अशी, की पंचक्रोशीतल्या प्रत्येक लग्नात हिचा मानपान राहून गेलाय. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला पहिल्यांदा निरखून पाहिलं आणि म्हणाले, "ही जन्मताच म्हातारी हाय." तेच पुढे चालू राहिलं.

मी लग्न केलं नाही, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा पुढच्या प्रत्येक परिच्छेदात जावई शोधत बसतो. आम्ही माणसं तिघंच. घर पत्र्याचं, पुढे अंगण, मागे रिकामा गोठा. कधीकाळी त्याच्या पलीकडे आमचं शेत होतं, आता तिथे लोकांच्या गाड्या लागतात. अण्णांची नोकरी खडकीला कारखान्यात झाली, पण ते स्वतःला शेवटपर्यंत शेतकरीच म्हणवत राहिले. शेत गेल्यावर राखायला जे उरलं होतं ते म्हणजे ही चार डोकी.

तांबडा दिसायला दांडगा आणि मनाने भित्रा. हेल्मेट घातलेल्या माणसाला तो घाबरायचा, फुग्याला घाबरायचा, आणि दिवाळी तर पलंगाखालीच साजरी करायचा. कचऱ्याची घंटागाडी गाणं लावून गल्लीत शिरली की मान वर करून तोही सूर लावायचा आणि गाडी गेली की जरा वेळ ओशाळून बसायचा. पण एक काम त्याने कधी चुकवलं नाही. दिवेलागणीला तो सगळ्यांची हजेरी घ्यायचा. आईच्या पदराला नाक लावायचं, माझ्या हाताला लावायचं, अण्णांच्या गुडघ्याला लावायचं, मग गोठ्यात जाऊन कोंबडी, कट्ट्यावर जाऊन मांजर. बोका सापडला नाही तर भिंतीपर्यंत जाऊन एकदा भुंकून यायचा, नाव पुकारल्यासारखं. सगळे भरले की उंबऱ्यात अंग टाकायचा. मी कधी शाळेतून उशिरा आले तर (मी शिक्षिका आहे) तो उभाच असायचा, आणि आईपेक्षा त्याच्याच नजरेची मला जास्त लाज वाटायची.

बोका तीन घरांत जेवायचा आणि तिन्ही घरांना वाटायचं, की आपण नसतो तर हा उपाशी मेला असता. बाहेर त्याने सगळ्या आळीतल्या बोक्यांचे कान फाडून ठेवले होते. घरात मात्र कोंबडीला टरकून असायचा. ती नुसती मान पुढे करून चालत आली, की हा पहिलवान कपाटावर. चहात बुडवलेली खारी त्याला प्राणाहून प्यारी. अण्णांनी बशी खाली ठेवली, की कुठल्या घरातून उठून यायचा कोण जाणे, पण यायचा.

कोंबडीचं सगळं तऱ्हेवाईक. अंडी देत होती तेव्हासुद्धा खुराड्यात कधी दिली नाहीत; आईने धुऊन घड्या घातलेल्या कपड्यांवरच द्यायची, त्यातही इस्त्रीच्या साडीवर तिचा विशेष जीव. थंडीत ती तांबड्याच्या पाठीवर चढून बसायची. तो बिचारा कूस बदलायचीसुद्धा सोय नाही अशा अवस्थेत पडून राहायचा, आणि आम्ही कुणी हसलो तर डोळे मिटून घ्यायचा.

आणि म्हातारी. तिने वाटीतलं पाणी आयुष्यात कधी प्यायलं नाही. मोरीतल्या नळाची बारीक धार लागायची. नळ बंद असेल तर मोरीच्या दारात बसून राहायची, ओरडायची नाही. ओरडणं तिच्या इभ्रतीला शोभत नव्हतं. घरातला कुणीतरी शरमून उठायचा आणि नळ सोडायचा. पाहुणा आला की ती त्याच्या चपलेवर जाऊन बसायची किंवा बसायची नाही, आणि त्यावरून आई त्याला चहा करायचा की नुसतं पाणी द्यायचं ते ठरवायची. अण्णा कामाला निघाले की मात्र ती त्यांच्या चपलांवर हटकून बसायची. ते तिला उचलून बाजूला ठेवायचे, ती परत बसायची. "अगं बाई, पगार कापत्यात," असं ते तिला रोज समजावायचे. मग ती त्यांच्यामागे गल्लीच्या वळणापर्यंत चालत जायची. वळणाच्या पुढे एक पाऊल नाही. संध्याकाळी पुन्हा त्याच वळणावर बसलेली. अण्णा निवृत्त झाले, तरी रोज त्या वेळेला कपडे करून वळणापर्यंत जाऊन येत राहिले. तिची सवय मोडू नये म्हणून, असं सांगायचे.

मला आता ते घर आठवत नाही तितकी त्यातली ही वर्दळ आठवते. खुर्चीवर बसण्याआधी हाताने चाचपून बघावं लागायचं, कुणीतरी असायचंच. आज मी चाचपून बघते, आणि कुणी नसतं.

घर डेव्हलपमेंटला द्यायचं ठरलं तेव्हा घरातल्या माणसांचं एकमत होतं. पावसाळ्यात चार ठिकाणी बादल्या ठेवून आई कंटाळली होती. इमारत उभी राहीपर्यंत बिबवेवाडीला, मामाच्या जवळ, तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचं. तिथे कोंबडी नेता येणार नव्हती. ती शेजारच्या चुलतीकडे गेली आणि मागे वळूनही न बघता त्यांच्या धुणं वाळत घालायच्या दोरीखाली जाऊन उभी राहिली. बोक्याने स्वतःचा निर्णय स्वतःच घेतला, त्याची आणखी दोन घरं तिथेच होती. तांबडा टेंपोत सामानाच्या मधोमध बसून डोळे मिटून गेला.

राहिली म्हातारी. आमच्याकडे एक रीत आहे. नकोशी मांजर सोडायची तर तिला पोत्यात घालायचं, तोंड सुतळीने बांधायचं आणि कॅनॉलच्या पलीकडे नेऊन सोडायचं. वाट दिसत नाही, म्हणून ती माघारी येत नाही. चुलती म्हणाली, "हिलाबी बिबवेवाडीला तसंच पोत्यातनं न्या. वाट दिसली तर चार दिसांत इथं यील, आन् इथं तर काय उरनार न्हाय." आईला ते पटलं. अण्णांनाही पटलं. मी शिकलेली, मलाही पटलं. पाडलेल्या घराच्या ढिगाऱ्यात ती आम्हाला शोधत फिरतेय, हे चित्र कुणालाच सहन होत नव्हतं.

अण्णांनी धुतलेलं पोतं घेतलं, आत त्यांचा जुना खाकी शर्ट अंथरला. रिक्षात ते पोतं मांडीवर घेऊन बसले. तिने एकदा नाक बाहेर काढायचा प्रयत्न केला, तो त्यांनी हळूच आत दाबला. रिक्षावाल्याने विचारलं, "काका, पोत्यात काय हाय?" आई म्हणाली, "मालकीणबाई आहेत, जपून चालवा." अण्णा हसले नाहीत. त्यांनी रिक्षा सरळ रस्त्याने न नेता गल्लीबोळांतून फिरवायला लावली, म्हणजे तिला वळणंसुद्धा मोजता येऊ नयेत. सगळं अगदी नीट, काळजीपूर्वक पार पडलं.

बिबवेवाडीत ती आधी पलंगाखाली राहिली. मग एके दिवशी बाथरूमच्या दारात येऊन बसली, अण्णांनी नळ सोडला, आणि आम्हा तिघांनाही घरी आल्यासारखं वाटलं. ती खिडकीत बसायला लागली. अण्णांच्या चपलांवरही बसली. महिना-दीड महिना झाला असेल. गॅसचा सिलिंडर आला, आणणारा माणूस गेला, दार उघडं राहिलं. कुणाकडून, हे आमच्या घरात अजून कुणी कुणाला विचारलेलं नाही.

आम्ही आधी जिना शोधला, मग पार्किंग, मग आजूबाजूच्या सोसायट्या. आईने मामाला फोन केला, तो म्हणाला, "मांजर काय, येईल भूक लागली की." अण्णा त्याच्याशी कितीतरी महिने बोलले नाहीत. त्या संध्याकाळी तांबड्याने आईच्या पदराला नाक लावलं, मला लावलं, अण्णांच्या गुडघ्याला लावलं, आणि दाराशी जाऊन उभा राहिला. त्याला बसवायचा आम्ही खूप प्रयत्न केला. शेवटी अण्णाच त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "माझंच चुकलं रं. तिला वाट दावली असती, तर तिकडं तरी गेली असती. तिथं मी जाऊन आणली असती."

तेव्हा मला उमगलं आम्ही काय केलं होतं ते. नकोशा मांजरीसाठीची रीत आम्ही घरातल्या सगळ्यात हव्या असलेल्या जीवाला लावली होती. आता ती धायरीलाही जाऊ शकत नव्हती आणि बाहेरून कधी न पाहिलेल्या इथल्या घरीही परतू शकत नव्हती. दोन्हीकडचे रस्ते आम्ही सुतळीने बांधून टाकले होते.

अण्णा रोज बसने धायरीला जायला लागले. तरीही, चुकून माकून, असं म्हणायचे. घराच्या जागी भोवतीने पत्रे ठोकलेले आणि आत मोठा खड्डा. वॉचमनला त्यांनी आपलंसं केलं. बांधकामावर पाणी मारायचा नळ होता, तो ते बारीक धारेवर सोडून यायचे. सुपरवायझरने पाणी वाया जातंय म्हणून बंद केला, यांनी पुन्हा सोडला. शेवटी त्या माणसाने मला फोन करून विचारलं, "मॅडम, काकांना काही त्रास आहे का?" मी म्हटलं, "हो, आहे." आणि फोन ठेवला. बोका तिथे अधूनमधून भेटायचा, अण्णा त्याच्यासाठी खारी न्यायचे. त्याला ते म्हातारीबद्दल विचारायचे, हे मला वॉचमनने सांगितलं.

मला ती यायला हवी होती, पण ती येईल असं मला वाटत नव्हतं. अण्णांचं उलट होतं. त्यांना ती येणार याची खात्री होती, आणि म्हणून त्यांचं दुःख माझ्यासारखं हळूहळू निवत गेलं नाही. ते रोज ताजंच राहिलं.

इमारत पूर्ण झाली. बिल्डरने जागेचे मालक म्हणून आम्हाला मजला निवडायला बोलावलं. सातव्या मजल्यावर कोपऱ्यातला फ्लॅट होता, तिथून सिंहगड दिसायचा, वारा भरपूर. आई दोन वर्षं त्या वाऱ्याबद्दल बोलत होती. ऑफिसातल्या पोराने नकाशा पसरला आणि अण्णा म्हणाले, "पैला मजला."

"काका, पहिल्या मजल्याला खाली पार्किंग आहे. धूळ, आवाज, डास. सगळे वर मागतात."

"पैला."

घरी आल्यावर मी चिडले. असं कोण करतं, आईला एकदा तरी विचारायचं. अण्णा म्हणाले, "माझं गुडघं."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय," आई म्हणाली. "रोज त्या खड्ड्याभोवती फेऱ्या मारता तेव्हा नाही दुखत ते? आणि लिफ्ट आहे."

अण्णांनी तांबड्याच्या कानामागे खाजवलं. मग आमच्या कुणाकडे न बघता म्हणाले, "तिला लिफ्ट येती का?"

 आईने उठून कणीक मळायला घेतली. सातव्या मजल्याचं नाव त्यानंतर तिने काढलं नाही. मला वाटलं, ती मनातून रुसली असेल. तिचा रुसवा बरेचदा कणकेत निघतो.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहायला आलो. धूळ आहे, आवाज आहे, डास तर विचारूच नका. वरचे लोक लिफ्टमध्ये भेटले की वाऱ्याचं कौतुक सांगतात. आलो त्याच आठवड्यात गॅलरीला ग्रिल आणि जाळी बसवायला माणूस आला. अण्णा आत पडले होते. मी त्याला सांगत होते, की पूर्ण बंद करा, डास येतात, कबुतरं येतात. तेवढ्यात आई ओले हात पुसत बाहेर आली.

"हा खालचा कोपरा मोकळा ठेवा," ती म्हणाली. "जाळी नको, गजही नको."

"ताई, तिथनं मांजरं येतील."

"म्हणूनच."

त्याने टेप काढली. "केवढं ठेवू?"

आईला आकडा सांगता येईना. तिने दोन्ही हात पुढे केले आणि हवेत माप धरलं, बोटं जरा आत वळवून, जसं काखेत हात घालून एखाद्याला उचलतात तसं. माप बरोबर होतं. ते मी ओळखलं. त्या माणसाने तिच्या हातांमध्ये टेप धरली.

मागे अण्णा येऊन उभे राहिले होते. त्यांनी ते हात पाहिले, आईकडे पाहिलं, आणि मग त्या माणसाला म्हणाले, "थोडं वाढवून ठेव. कुणाच्यातरी घरी खाऊनपिऊन आता अंग भरलं असंल तिचं."