रिळाचा हत्ती

आज कपाट आवरताना काळ्या दोऱ्याचं रिकामं रीळ सापडलं आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. बुद्धिबळातला काळा हत्ती हरवला म्हणून आम्ही ते पटावर ठेवायचो.

लग्न होऊन मी कोथरूडला आले, तेव्हाची गोष्ट. "जिंकलीस तर शिवणाच्या क्लासला जा," असं हे म्हणाले होते. शेवटी दोघांचा एकेक हत्ती उरला आणि माझं अगदी कडेचं एक प्यादं. आणखी एक घर पुढे गेलं की त्याचा वजीर! पण त्याच कोपऱ्यातल्या घरात माझा राजा उभा. प्याद्याला जपायला मीच त्याला पुढे नेला होता. यांच्या रिळाने शेजारची उभी रांग अडवली आणि राजाला बाहेर पडताच येईना.

"अगं, तुझ्याच राजाने तुझी वाट अडवलीय!" हे हसले. "बरोबरी. चहा टाक."

तेव्हा मला राजाचा राग आला होता. आता माझाच येतो. बरोबरी झाली तर क्लासचं काय, एवढं विचारायलाही माझं तोंड उघडलं नाही. वर यांना आवडतं म्हणून चहात आलं किसून घातलं!