पांढरीपांड्यांची फटफटी

नीळकंठराव पांढरीपांडे आमच्या घरी पहिल्यांदा आले ते सत्तावन्न सालच्या संक्रांतीला. नागपूरची राजधानी गेली आणि सरकारी दप्तरांबरोबर आम्ही मंडळीही भोपाळला येऊन पडलो, त्याला फार दिवस झाले नव्हते. शेजारच्या क्वार्टरमध्ये कोणी ड्राफ्ट्समन आलेत एवढंच माहीत होतं. मी हातावर तिळगूळ ठेवला, तर तो तोंडात टाकण्याआधी त्यांनी एक डोळा मिटून आमच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे माझ्या सासऱ्यांचा फोटो होता. गृहस्थ उठले, खुर्चीवर चढले, फोटोची उजवी बाजू पेरभर वर सरकवली आणि खाली उतरून म्हणाले, "आता गोड लागेल."

"वहिनी, मनावर घेऊ नका," त्यांच्या पत्नी रत्नप्रभाताई म्हणाल्या. "यांच्यासमोर मी पोळीसुद्धा भीतभीत लाटते."

त्या घरात खरोखरच काही वाकडं नव्हतं. चपला ओळीत, पुस्तकं उंचीप्रमाणे. नव्या क्वार्टरची फरशी मात्र सरकारी होती, त्यामुळे स्वयंपाकघरात माठाची तिवई एका अंगाला कलायची. आल्याच दिवशी नीळकंठरावांनी तिच्या एका पायाखाली काहीतरी सरकवून माठाचं तोंड अगदी आडव्या रेषेत आणलं होतं. मी पाणी प्यायला गेले की ते कौतुकाने दाखवायचे. "काठोकाठ भरा वहिनी, कुठल्याच बाजूने सांडणार नाही."

सामानाच्या वॅगनमधून त्यांच्याबरोबर एक मोटरसायकलही आली होती. म्हणजे एक सांगाडा, दोन चाकं आणि दोन पोती. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या दोन गाड्यांचे ते अवशेष त्यांनी नागपुरात घेतले होते. तिथे जोडायला सवड झाली नाही, आणि टाकून यायला मन झालं नाही. पुढचा भाग एका गाडीचा, मागचा दुसरीचा. मागच्या चाकाला स्प्रिंग म्हणून नव्हती. चाक सरळ सांगाड्यातच बसायचं आणि बसणाऱ्याचं दैव सीटखालच्या स्प्रिंगांवर.

ही फटफटी नुसती हौस राहिली असती. पण त्या वर्षी सीहोर रस्त्यावरच्या एका गावात मुलींची शाळा निघाली आणि रत्नप्रभाताईंना तिथे शिक्षिकेची जागा मिळत होती. लग्नाआधी त्या दोन वर्षं शिकवत होत्या. नंतर ते सुटलं, आणि सुटल्याचं दुःख त्या कधी बोलून दाखवत नसत, मी शिक्षिका, म्हणून मला फक्त माझ्या शाळेतल्या गमती पुन्हापुन्हा विचारत. गावाला जाणारी बस पहिला तास संपल्यावर पोचायची. मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की जुलैत शाळा उघडेल त्या दिवशी प्रार्थनेला हजर असाल तर जागा तुमची, नाहीतर दुसरी बाई तयार आहे. नीळकंठराव सकाळी सोडून ऑफिसला परत येऊ शकत होते. फक्त फटफटी चालायला हवी होती.

"चालेल," ते म्हणाले. "आधी फ्रेम सरळ व्हायला हवी."

उरलेला सगळा हिवाळा फ्रेम सरळ होण्यात गेला. अंगणातल्या कडुनिंबाला त्यांनी सांगाडा टांगला, ओळंबा सोडला, पुढून मागे दोरी ताणली. मागच्या नळ्या वाकल्या होत्या. भोपाळच्या इतवाऱ्यातल्या मुन्ने मियाँ वेल्डरकडे नेऊन त्या तापवून सरळ केल्या, दोन्ही अर्धी जोडून घेतली. फ्रेम सुतासारखी सरळ झाली. मग इंजिन बसलं, चाकं बसली. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जागा उरत होती, तिथे त्यांनी मोजून सारख्या जाडीच्या चकत्या घातल्या.

पहिल्या दिवशी गाडी आवाज करत चौकापर्यंत गेली आणि चढ लागताच साखळी खाली पडली. दुसऱ्या दिवशीही तिथेच. दोरी लावून पाहिलं तर मागचं चाक पुढच्याच्या रेषेत नव्हतं, बोटभर एका अंगाला होतं.

"फ्रेममध्ये खोट आहे," नीळकंठराव म्हणाले, आणि सगळं पुन्हा उतरवलं.

फ्रेममध्ये खोट सापडेना. तरी ती पुन्हा कडुनिंबावर चढली, पुन्हा मियाँकडे गेली. तिसऱ्यांदा नेली तेव्हा मियाँनी हातही लावला नाही. "को खाँ बाबूजी, सीधी हड्डी को कित्ता सीधा करोगे? अब मैंने एक और मारा तो ये रो देगी."

कॉलनीत थट्टा सुरू झाली. सकाळी ऑफिसला निघालेले विश्वासराव देशकर कुंपणाशी थांबून विचारायचे, "काय पांढरीपांडे, आज चौक की चौकाच्या अलीकडे?" नीळकंठराव हसायचे, पण जून लागला तशी हसण्यातली मजा कमी झाली. रत्नप्रभाताईंनी एकदा मला हळूच विचारलं, "वहिनी, त्या बाईंना आधीच नकार कळवलेला बरा ना? दुसरीची तरी अडवणूक नको." मी म्हटलं, थोडं थांबा.

शाळा उघडायच्या आदल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले, तर गाडी अंगणात पुन्हा सुटी पडलेली. नीळकंठराव ओळंबा हातात घेऊन सांगाड्याकडे बघत बसले होते. रत्नप्रभाताई पायरीवर तांदूळ निवडत होत्या.

"अहो, ती सरळ आहे ना?"

"आहे."

"तुम्ही म्हणता, मियाँ म्हणतात, तुमची दोरी म्हणते. मग त्या बिचारीच्याच का मागे लागलाय? एकदा चाकाला विचारा की."

नीळकंठरावांनी ओळंबा खाली ठेवला. चाक मांडीवर घेतलं आणि त्याच्या मधला तुंबा फिरवून पाहू लागले. मग पट्टी लावली. मग पट्टी उलटी करून लावली.

"अगं, हा दोन्हीकडे सारखा नाहीये."

"म्हणजे?"

"साखळीच्या बाजूला जाड आहे. म्हणजे तिकडे काही घालायचंच नाही. दुसऱ्या बाजूला एकच जाड कडं हवं. मी आपला दोन्हीकडे समान वाटणी करत बसलो." ते क्षणभर खूश झाले आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. "पण ते कडं नाही. नागपूरलाच हरवलं असणार. नवीन करून घ्यायचं तर हा आठवडा गेला."

"केवढं असतं?"

त्यांनी बोटांनी दाखवलं. एवढं जाड, मध्ये एवढं भोक.

रत्नप्रभाताईंनी सूप बाजूला ठेवलं आणि त्या आत गेल्या. आतून पाणी सांडल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक ओलं, गंजलेलं लोखंडी कडं होतं.

"हे का?"

नीळकंठरावांनी ते आसावर चढवलं. ते अगदी नेमकं बसलं. "कुठे मिळालं तुला हे?"

"माठाखाली. तुम्हीच ठेवलंत."

मला हसू आवरेना. रत्नप्रभाताईंनी आधी पदर तोंडाला लावला, पण नंतर त्यांनाही ते जमलं नाही. नीळकंठराव मात्र गंभीरपणे म्हणाले, "पोत्यात वरच पडलं होतं. मापाला इतकं बरोबर वाटलं तिवईच्या."

संध्याकाळी दोरी ताणली तेव्हा ती दोन्ही चाकांना शेवटपर्यंत टेकली. फटफटी चौक ओलांडून चढ चढली, थेट तळ्यापर्यंत जाऊन आली, आणि परतताना नीळकंठरावांनी देशकरांच्या दारात उगीचच भोंगा वाजवला. सोमवारी सकाळी रत्नप्रभाताई पदर खोचून मागच्या सीटवर बसल्या. मुख्याध्यापिकाबाई पुढे मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या बाई वेळेवर आल्या, पण अर्धी प्रार्थना झाल्यावर मुलींच्या लक्षात आलं की तोंडावर पांढरी दिसते ती पावडर नाही, धूळ आहे."

त्या शाळेत रत्नप्रभाताईंनी पुरी नोकरी केली आणि त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. पुढची काही वर्षं, पहाटेची बस सुरू होईपर्यंत, फटफटीने त्यांना नेलं. तिवई त्या रविवारपासून कललेलीच राहिली. तिच्याखाली दुसरं काही सरकवायला नीळकंठराव तयार नव्हते. न जाणो, कशाचं काय असेल.

आता दोघं भोपाळातच, बरखेड्याला मुलीकडे, वंदनाकडे असतात. नीळकंठराव रोज सकाळी त्याच तिवईवरचा माठ भरतात, काठापासून चार बोटं कमी.