रिकाम्या हॉलातली टाळी

रोज पहिल्या खेळाआधी पुष्पावती साळवे रिकाम्या हॉलच्या मधोमध उभी राहून एक टाळी वाजवायची. एकच. मग श्वास धरून थांबायची.

ही टाळी एकतीस वर्षांपूर्वी सुरू झाली ती पारव्यांसाठी. टॉकीजच्या पत्र्याखाली पारवे बसायचे आणि खुर्च्या घाण करायचे. टाळी वाजली की सगळे फडफडत झरोक्यातून बाहेर. पण चार वर्षांपूर्वी नव्या मालकाने, समर्थने, झरोक्यांना जाळी मारली. पारवे गेले, टाळी राहिली. ऑपरेटर आसाराम केबिनच्या खिडकीतून डोकं काढून विचारायचा, "कोनाला हाकलताय मावशी? पारवं तर कवाच गेली."

"सवय हाय," ती म्हणायची.

ते खरं नव्हतं. तिचा उजवा कान दोन वर्षांपूर्वी गेला होता. डावा किती उरलाय, हे ती रोज सकाळी असं तपासायची. टाळीचा आवाज पडद्यामागच्या भिंतीवर जाऊन परत यायला हवा. उशिरा का होईना, तो आला की ती दार उघडायला जायची.

राहात्याच्या या टॉकीजमध्ये पूर्वी बायकांची बाजू वेगळी होती. मधे कमरेएवढ्या फळ्या, आणि त्या बाजूच्या दारावर बाईमाणूसच लागायचं. पुष्पावतीचा नवरा अब्राहाम पिक्चरच्या पेट्या आणणाऱ्या टेम्पोवर होता. तो गेला तेव्हा समर्थच्या वडिलांनी तिच्या हातात बॅटरी दिली आणि त्या दारावर उभं केलं. पुढे फळ्या निघाल्या, बायका-पुरुष कुठेही बसू लागले, पण पुष्पावती राहिली. कारण तोवर तिला एक गोष्ट येऊ लागली होती, जी दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

पडद्याकडे पाठ करून ती उभी राहायची. शेकडो पिक्चर तिने असे पाहिले, माणसांच्या तोंडांवर. मारामारी आली हे तिला पुढच्या रांगेतल्या पोरांच्या गुडघ्यांवरून कळायचं. हिरॉइन रडायला लागली हे बायकांच्या पदरांवरून. आवाज गेला तर आधी मागची पोरं शिट्ट्या मारतात, मग एकेक मान केबिनकडे वळते. त्या माना पाहूनच ती जिना चढायला लागायची. खेळ सुटला की समर्थचे वडील विचारायचे, "पुष्पाबाई, पब्लिक काय म्हणतं?" आणि ती सांगायची, "इंटरवलनंतर लई उठले. शनवारपर्यंत चालंल. रविवार बघनार न्हाई." पिक्चर रविवार बघायचा नाही. वडील गेल्यावर समर्थही तेच विचारायला लागला. लहानपणी तो याच दारामागे पोत्यावर झोपायचा, म्हणून चारचौघांत ती त्याला शेठ म्हणायची आणि एरवी समर्थ.

कानाचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. न ऐकणारी बाई दारावर कोण ठेवणार? माणूस बोलायला आला की ती सहज वळल्यासारखं करून त्याला डावीकडे घ्यायची. चर्चमध्ये तिने बाक बदललं. घरी मात्र लपवणं अवघड होतं. सून कृपा वैतागायची. "आत्याबाई, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा म्हणलं हुतं. डाळीचं पार पीठ झालं. ध्यान कुठं असतं वो तुमचं?"

"पिक्चरमदी," पुष्पावती म्हणायची, आणि कृपा हसून सोडून द्यायची.

जुलैत तो रोबोटांचा पिक्चर आला. कार्टूनचा. समर्थ पोस्टर हातात धरून पायरीवर बसला होता, चिकटवावं की नाही या विचारात.

"यात एकही माणूस नाही मावशी. सगळे यंत्रंच. एक मोठा रोबोट, एक बारका. अवकाशात."

गेटाशी शेंगा विकणारी बायडाबाई टोपलीवरून वाकून पोस्टर बघत होती. ती म्हणाली, "मानूस न्हाई तर रडायचं कोनासाठी? आन् हसायचं कोनाला?"

"त्येच तर," समर्थ म्हणाला. "गावातल्या एका शाळेनं उद्या सकाळचा खेळ सांगितलाय. दोनशे पोरं. त्यांना आवडला तर आठवडाभर ठेवतो, आजूबाजूच्या शाळांना पण बोलावतो. नाहीतर उद्याच उतरवतो. तुम्ही सांगाल तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पावतीची टाळी उशिरा परत आली. किंवा आलीच नाही, आणि तिला आल्यासारखी वाटली. तिने दुसरी वाजवली नाही. दोन वाजवल्या असत्या, तर खरं काय ते कळलं असतं.

पोरं आली, खुर्च्यांवरून उड्या मारत बसली, अंधार झाल्यावर किंचाळली. पिक्चर सुरू झाला. पुष्पावती भिंतीला टेकून तोंडं वाचत होती, पण आज तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बॅटरीचं बटण ती उगाच मागेपुढे करत होती. तरी दिसत होतं ते बरं दिसत होतं. बारका रोबोट काचा पुसताना घसरला की पहिल्या चार रांगा हलायच्या. मोठ्याच्या पोटातून नट-बोल्ट सांडले तेव्हा एक पोरगी हसून हसून खुर्चीखाली गेली. पिक्चरचा आणि हसण्याचा तो धडधडाट डाव्या कानाला लागत होता.

मग तो थांबला.

एकदम. कुणी कानावर उशी दाबावी तसा. पुष्पावतीने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. मोठा रोबोट यानाबाहेर काळ्या पोकळीत तरंगत दूर चालला होता आणि बारका त्याच्यामागे दोर घेऊन निघाला होता. त्यांचे हात हलत होते, दिवे लुकलुकत होते. आवाज नव्हता.

आवाज गेला, असं म्हणून ती जिन्याकडे दोन पावलं गेलीसुद्धा. मग सवयीने पोरांकडे पाहिलं. एकही मान केबिनकडे वळलेली नव्हती. एक शिट्टी नाही. दोनशे पोरं टक लावून समोर बघत होती, जशी ऐकू येत असताना बघतात.

म्हणजे आवाज होता. सगळ्यांना येत होता. तिला येत नव्हता.

ती घशात खाकरली. ते आतून कळलं, बाहेरून नाही. पायाने फरशी घासून पाहिली. पडद्यावर दोर तुटला. एका पोरीने तोंडावर हात ठेवला, बहुतेक ओरडली असेल, नसेल. तेव्हा पुष्पावतीला दुसरं काही सुचलं नाही. तिने बॅटरी काखेत दाबली आणि टाळी वाजवली. एकच, मोठी.

टाळी तिला ऐकू आली. भिंतीवरून परत आलेलीसुद्धा.

पण टाळी तिथेच थांबली नाही. मधल्या रांगेत कुणीतरी दुसरी वाजवली, मग चौथीच्या वर्गातली सगळी पोरं, मग मागची, आणि बघता बघता अख्खा हॉल टाळ्या वाजवू लागला, तुटलेल्या दोराकडे बघत. त्याच वेळी दार उघडून समर्थ आत आला होता. तो उभाच राहिला.

खेळ सुटल्यावर ती गेटाशी पोरं मोजून बाहेर सोडत होती. मघाशी खुर्चीखाली गेलेली ती पोरगी दिसली. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं, संस्कृती.

"ए बाय, मधी आवाज गेल्ता का गं?"

"गेला नव्हता आजी, नव्हताच! यानाच्या बाहेर हवा नसती ना. हवा नाही तर आवाज कशातून येणार? निकिता टीचरनी कालच शिकवलंय. त्यांनी हा पिक्चर आधी बघितलाय. तो सीन आला की शिट्ट्या मारायच्या नाहीत म्हणून पण सांगितलं होतं."

"मग टाळ्या का वाजवल्या?"

पोरीने खांदे उडवले. "कोणीतरी वाजवली. आम्हाला वाटलं, आता वाजवायच्या असतात."

कान गेला नव्हता. पुष्पावतीला हायसं वाटायला हवं होतं, आणि घटकाभर वाटलंही. तेवढ्यात समर्थ आला, मोबाईल कानाला, चेहरा फुललेला. "बिनआवाजाच्या सीनला टाळ्या, मावशी! इतकी वर्षं टॉकीज आहे, असं कधी झालं होतं का? उद्या कोल्हारची शाळा येतीये. परवा आणखी दोन. पुढचा पिक्चर पुढं ढकलला मी."

तिने तोंड उघडलं. तोवर तो पुन्हा फोनवर होता.

त्या दिवशी उरलेल्या तिन्ही खेळांत ती एका जागी उभी राहिली नाही. घरी गेल्यावर पोळी तव्यावर टाकून विसरली. कृपाने काही विचारलं. पुष्पावतीने "व्हय" म्हटलं आणि तिच्या चेहऱ्यावरून कळलं की उत्तर "न्हाई" असायला हवं होतं. ती उठून अंगणात गेली, परत आली, पुन्हा गेली. खरं सांगितलं तर कान उघडा पडणार होता, आणि कानाबरोबर दारावरचं काम जाणार होतं. नाही सांगितलं तर एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती पब्लिकच्या तोंडी स्वतःचं काहीतरी घालणार होती. लोकांनी न म्हटलेलं. आणि समर्थ त्याच्यावर आठवडा लावून बसला होता.

सकाळी तिने टाळी वाजवली नाही. सरळ तिकिटाच्या खिडकीशी गेली.

"समर्थ, कालची टाळी पोरांची नव्हती."

"म्हणजे?"

"पयली मी वाजवली. मग त्येंनी वाजवल्या."

"तुम्ही? कशाला?"

"आवाज येईना. पोरं तर गप बघत हुती. मला वाटलं कान गेला. म्हनून वाजवून बघितली."

त्याने हातातली तिकिटं खाली ठेवली. मग म्हणाला, "कान कधीपासून?"

"उजवा दोन वर्सं झाली. डावा हाय. थोडा."

"दोन वर्षं! आणि मला सांगत होता पब्लिक हसलं, पब्लिक रडलं..."

"डोळ्यानं सांगत हुते बाबा. तुझ्या बापाला बी डोळ्यानंच सांगितलं. कानाचं काम फकस्त आवाज गेल्यावर असतंय."

"अहो, पण मी शाळांना शब्द देऊन बसलोय!"

"म्हनून तर आत्ता सांगते. पोरं यायच्या आधी."

समर्थ खिडकीची फळी खाली ओढू लागला. तिला दिसलं, त्याचे ओठ आणखी काही म्हणाले. ते तिला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

कोल्हारची पोरं दोन बसमधून उतरली. ही पोरं जास्त दांडगी. ट्रेलर चालू असतानाच त्यांनी शेंगांची टरफलं एकमेकांवर फेकली. पुष्पावती भिंतीशी उभी होती. यांना कुणी अवकाश शिकवलंय की नाही, तिला ठाऊक नव्हतं. मोठा रोबोट दारातून बाहेर ओढला गेला तेव्हा तिने बॅटरी दोन्ही हातांनी घट्ट धरली. हातांचा भरवसा नव्हता.

आवाज थांबला.

मागून एक शिट्टी आली. तिच्या डाव्या कानाने ती स्पष्ट टिपली. चार-पाच माना केबिनकडे वळल्या. आणि पुन्हा पडद्याकडे गेल्या. कारण बारक्याने दोर कमरेला बांधला होता आणि उडी मारली होती. एका मुलीने वेणीचं टोक दातात धरलं. टरफल फेकायला उचललेला एक हात खाली यायचा विसरला. डाव्या बाजूला एक पोरगा करंगळी वर करून उठला, दोन खुर्च्या ओलांडल्या आणि तिथेच थबकला. उभाच. त्याच्या पाठीमागच्यांना नक्कीच काही दिसत नव्हतं, तरी कुणी त्याला खाली बस म्हटलं नाही. ते नुसते बाजूने वाकून बघत राहिले.

दोर तुटला. टाळी नाही. कुणी हललं नाही. पुष्पावतीला जाणवलं, आपण श्वास धरलाय, रोज सकाळी धरतो तसा.

उजेडाची एक पट्टी पोरांच्या डोक्यांवर पडली. समर्थ दार उघडं टाकून आत आला होता आणि तिच्या उजवीकडे उभा राहून काही बोलत होता. ती वळली नाही. उभ्या पोरावरून तिला नजर काढायची नव्हती. समर्थ थांबला. मग तिच्या पाठीमागून वळसा घालून डावीकडे आला आणि कानाशी वाकला.

"मावशी, पब्लिक काय म्हणतं?"

तिने न पेटवलेल्या बॅटरीने त्या पोराकडे दाखवलं. "त्येला मघाधरनं मुतायला जायचंय. गेला न्हाई."

समर्थ त्या पोराकडे बघत राहिला. त्याला विचारायचं होतं, म्हणजे आठवडा चालेल ना? पण पुष्पावती उघड्या दाराकडे बघत होती.

"दार लोट आधी," ती म्हणाली. "उजेड येतोय आत."