मामांचा बोलका कंप्रेसर

न बोलणाऱ्या वस्तूंवर इतका गाढ अविश्वास असलेला माणूस आमच्या मामांखेरीज साऱ्या मुळशी तालुक्यात झाला नसेल. हे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात. घड्याळाची टिकटिक ऐकू आली नाही तर ते त्यातली वेळ मानत नसत, आणि पाहुण्याने आमटीचे भुरके मारले नाहीत तर त्याला जेवण रुचलं नाही असं धरून चालत. त्यांची आठवण निघाली की मला आधी हसू येतं, पण ते फार वेळ टिकत नाही.

मामांच्या गावाला, भऱ्याला, वीज आली तशी त्यांनी अर्ध्या गोठ्यात रंगकामाचा कारखाना थाटला. सायकली, बैलगाड्या फवाऱ्याने रंगवायच्या म्हणजे हवा भरणारा कंप्रेसर हवा. तो निवडायला मी त्यांच्याबरोबर पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो होतो. दुकानदार एकेक यंत्र सुरू करी आणि मामा टाकीला कान लावून मान हलवत. शेवटी एक असं सुरू झालं की शेजारच्या टपरीतल्या कपबश्या वाजू लागल्या. मामांचा चेहरा उजळला. "ह्योच घ्यायचा! मुक्या यंत्राचं दुखणं कुणाला कळतंय व्हय? ह्यो बोलून दाखवतोय."

तो बोलला आणि साऱ्या भऱ्याने ऐकलं. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, मामांनी हौसेने शेजाऱ्याच्या बैलाची शिंगं रंगवायला घेतली. एक शिंग तांबडं होईतो टाकीतली हवा संपली, ती भरायला कंप्रेसर आपसूक धडधडला, आणि बैलाने दावं तोडून जी धूम ठोकली ती थेट पिरंगुटापर्यंत. मिरवणुकीत तो एकाच तांबड्या शिंगाने फिरला. शेजारी दारात येऊन कडाडला, "आवाज बंद करा, न्हाईतर ह्ये धूड गावाभाईर न्या."

मामा हिरमुसले. यंत्राखाली टायरचे तुकडे घातले, भोवती भाताचा पेंढा रचला. यंत्र तापून पेंढाच धुमसायला लागला. मग त्यांना खरा चोर सापडला. हवा आत ओढणारं तोंडच जास्त बोंबलत होतं. आत्याच्या तांब्याच्या घागरीला भोकं पाडून, आत काथ्या कोंबून त्यांनी ती त्या तोंडावर बसवली. यंत्र नुसतं घुमायला लागलं. गाव खूश झालं.

नाखूश एकटी आत्या. जन्मात कधी काही न मागणारी ती गोठ्याच्या दारात येऊन म्हणाली, "अवो, माजी घागर द्या की. आवाज व्हता त्येच बरं व्हतं."

"साऱ्या गावाला तरास व्हतोय, तुला कसा न्हाई गं?" मामा हसले. ती आत निघून गेली.

दोन-चार दिवसांनी मी गेलो होतो. कंप्रेसर घुमत होता, आणि त्यातून घरातला खोकला ऐकू आला. खोल, संपता न संपणारा. टाकी भरली, यंत्र थांबलं, तसा खोकलाही कुणी दाबून धरावा तसा थांबला. मामा हातातला फवारा टाकून आत धावले. आत्या तोंडात पदर कोंबून बसली होती.

"यंत्र चालू असंल तवाच खोकायचीस व्हय?"

"तुमाला कळलं असतं तर काम टाकून बसला असता."

डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. भातं काढायच्या आत ती गेली. मला मामांकडे बघवत नव्हतं.

मामांनी घागर काढली, चिंचेने लख्ख घासली आणि भोकांसकट तिच्या पाण्याच्या जागी नेऊन ठेवली. कंप्रेसर पुन्हा पहिल्यासारखा गर्जू लागला. शेजाऱ्याने एका शब्दाने तक्रार केली नाही. टाकी भरून यंत्र थांबलं की मामा हातातलं काम सोडत आणि मान तिरकी करून घराच्या दिशेने ऐकत बसत.