चांद्याच्या डोक्यावर

दौलताबादच्या किल्ल्याखाली बानाबाईंना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. आवाजच तसा! शेरडांना हाळी दिली की तिकिटाच्या रांगेतले पाहुणेसुद्धा दचकून बाजूला होतात. सारा जन्म शेरडांमागे गेला, तरी पायाची भिंगरी अजून थांबलेली नाही.

बाई फटकळ, पण चांद्यापुढे पार लोणी. कपाळावर पांढरा ठिपका असलेला हा बोकड जन्मला त्याच दिवशी त्याची आई गेली, आणि बानाबाईंनी त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं. नवऱ्याने, म्हणजे आप्पांनी, नवस बोलावा तो नेमका त्याच्यावरच! मुलगा हनुमान वाळूजच्या कंपनीत पर्मनंट होऊ दे, खंडोबाला चांद्या कापीन. देवही असा तत्पर की पोरगा झाला पर्मनंट! रविवारी भाऊबंद जेवायला येणार होते आणि शनिवारी बानाबाई चांद्याच्या दाव्यापासून हलत नव्हत्या.

त्या संध्याकाळी कॉलेजात शिकणारी धाकटी लेक सुकेशनी उड्या मारतच घरी आली. तिला वर्गात एका इंग्रजी शब्दावर बोलायचं होतं. तिने निवडला होता स्केपगोट.

"आये, दुसऱ्याच्या चुकीचं खापर ज्याच्या डोक्यावर फोडतात ना, तो स्केपगोट. आपण म्हणतो तसा बळीचा बकरा."

"माझ्यापुढं बळीचं नाव काढू नको, सांगून ठिवते!"

"अगं, ऐक तर! त्याला कापतच नव्हते!"

सुकेशनीने आईला हात धरून खाली बसवलं. फार जुन्या काळी ज्यू लोक वर्षातून एकदा दोन बोकड आणत. एक देवाला कापत. दुसऱ्याच्या डोक्यावर पुजारी हात ठेवी, साऱ्यांची पापं बोलून दाखवी, आणि मग त्याला जिवंतच रानात सोडून देत. पुढे, पाचशे वर्षांपूर्वी, बायबल इंग्रजीत आणणाऱ्या एकाने त्या बोकडासाठी शब्द जोडला. एस्केप म्हणजे निसटणं, गोट म्हणजे बकरा. निसटलेला बकरा! खापर फोडण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

"जित्ता निसटला?" बानाबाई ताडकन उठल्या. "अन् पापं?"

"ती गेली त्याच्यासंगं रानात."

रविवारी सुरीला धार लावून झाली, चांद्याच्या कपाळाला भंडारा लागला, आणि बानाबाई मध्येच उभ्या ठाकल्या.

"थांबा! आधी ज्यानं त्यानं ह्याच्या डोक्यावर हात ठिवून आपलं पाप बोलायचं. लई जुनी रीत हाय."

कोणाची रीत, ते बाईंनी सांगितलं नाही. भाऊबंदांना गंमत वाटली. चुलत दीर गोकुळ हसत हसत पुढे आला. "गेल्या साली बांध हातभर आप्पांच्या रानात सरकवला," तो म्हणाला, आणि अंगणात एकच गलका उडाला. मग तर पाप बोलायला रांगच लागली. कोणी दुधातलं पाणी ठेवलं, हनुमानाने आजारी सांगून मॅच बघितलेली रजा ठेवली.

"झालं समद्यांचं? आता कापा," त्या म्हणाल्या. "पण कुणाचं पाप कुणाच्या ताटात यील, त्ये मला इचारू नका."

गोकुळ हळूच मागे सरकला.

"वहिनी, मला आपलं वांगंच वाढा."

त्याच्यामागून एकेकाला वांगं आठवलं. आप्पा मात्र भडकले.

"अन् नवस? नवस मोडल्याचं पाप कोण घील?"

बानाबाईंनी नवऱ्याचा हात धरला आणि चांद्याच्या कपाळावर टेकवला.

"त्ये बी ह्याच्यावरच ठिवा."

आप्पा ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. मग त्यांनीच दावं सोडलं, आणि चांद्या किल्ल्याच्या डोंगराकडे उधळला.